टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर आठव्या दिवशी मुंजीला नेऊ का?

प्रश्न: माझा मुलगा सात वर्षांचा आहे, वजन 20 किलो. गेल्या वर्षभरात सात-आठ वेळा त्याचा घसा सुजून ताप आला. रात्री तोंड उघडं टाकून घोरतो, मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो आणि दचकून कूस बदलतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड (नाकामागची टॉन्सिलसारखी गाठ) दोन्ही काढायला सांगितलंय. मेच्या सुट्टीतली तारीख घेतली आहे. सासूबाई म्हणतात, टॉन्सिल काढले की पोराची प्रतिकारशक्ती जाते. शेजारच्या वहिनी म्हणतात, काही नसतं, दोन दिवस आईस्क्रीम दिलं की झालं. ऑपरेशननंतर बरोबर आठव्या दिवशी आजऱ्याजवळ आमच्या गावी पुतण्याची मुंज आहे. तोवर तो बरा होईल ना? नेमकं काय काय होतं आणि मी घरी काय तयारी करू?
एक आई, कोल्हापूर

उत्तर: ताई, आधी मुंजीचं सांगतो. त्याला नेऊ नका. आठव्या दिवशी तो बहुतेक खेळत-बागडत असेल आणि नातेवाईक म्हणतील, "चांगला तर दिसतोय, आणा की." पण टॉन्सिलच्या ऑपरेशनमध्ये रक्तस्रावाची भीती दोन वेळा असते. एक पहिल्या 24 तासांत, तेव्हा मूल दवाखान्यात किंवा त्याच्या आसपास असतं. दुसरी साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात, जेव्हा घशातली खपली सुटते. हा दुसरा रक्तस्राव शंभरातल्या दोन-तीन मुलांनाच होतो आणि बहुतेकदा थोडक्यात थांबतो. पण थांबला नाही तर मुलाला पुन्हा भूल देऊन रक्तवाहिनी बंद करावी लागते. त्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर तिन्ही हाताशी हवीत. गावापासून ते दोनेक तासांवर असतील, तर तो धोका मुंजीसाठी पत्करण्याजोगा नाही. घरातल्या एकाने मुंजीला जावं आणि एकाने मुलाजवळ थांबावं. तारीख अजून हलवता येत असेल, तर ऑपरेशन मुंजीनंतर घ्या आणि त्यापुढचे पूर्ण 14 दिवस कोल्हापुरातच राहा.

आता ऑपरेशनची गरज. सासूबाईंची शंका रास्त आहे, ती झिडकारू नका. टॉन्सिल हे प्रतिकारशक्तीचंच काम करतात, पण ते काम ते एकटे करत नाहीत. जिभेच्या मुळाशी, मानेच्या गाठींमध्ये आणि आतड्याच्या अस्तरात त्याच जातीची ऊती भरपूर असते आणि टॉन्सिल गेले तरी ती काम चालू ठेवते. टॉन्सिल काढलेली मुलं त्यामुळे सारखी आजारी पडू लागतात, असं दिसत नाही.

घशाच्या त्रासासाठी टॉन्सिल कधी काढावेत याची जगभर मानली जाणारी मोजपट्टी अशी: एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा. त्यातही प्रत्येक वेळी घसादुखीबरोबर 101 च्या वर ताप, मानेत सुजलेल्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे डाग किंवा स्ट्रेप्टोकॉकस या घसा सुजवणाऱ्या जिवाणूची तपासणी पॉझिटिव्ह, यांपैकी काहीतरी असायला हवं आणि त्याची डॉक्टरांकडे नोंद हवी. साधी सर्दी-घसादुखी यात धरत नाहीत. म्हणून फाइल काढा आणि त्या सात-आठ वेळा कागदावर किती दिसतात ते मोजा. नुसता रक्तातला एएसओ टायटर वाढलाय म्हणून टॉन्सिल काढायला निघालेले पालक आपल्याकडे पुष्कळ दिसतात. तो आकडा स्ट्रेप्टोकॉकसची लागण होऊन गेल्याचं सांगतो, तेवढ्यावर ऑपरेशन ठरत नाही.

तुमच्या मुलाच्या बाबतीत मात्र मला घशापेक्षा त्याची झोप महत्त्वाची वाटते. तुम्ही लिहिलेलं घोरणं, श्वास थांबणं आणि दचकणं म्हणजे वाढलेल्या टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइडमुळे झोपेत श्वासाची वाट अडत असावी. अशा मुलांना टॉन्सिल काढल्याचा फायदा सगळ्यात ठळक होतो. तो गाढ झोपल्यावर मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या, छातीची हालचाल दिसेल आणि आवाज ऐकू येईल असा. डॉक्टरांना आणि भूलतज्ज्ञांना तो दाखवा. झोपेतली अडचण जास्त असेल तर त्या रात्री मुलाला दवाखान्यातच ठेवून ऑक्सिजनवर नजर ठेवतात, संध्याकाळी घरी सोडत नाहीत.

ऑपरेशनपूर्वी रक्ताच्या तपासण्या होतील: हिमोग्लोबिन, प्लेटलेट, रक्तगट, रक्त गोठण्याच्या चाचण्या. पण कागदापेक्षा घरची माहिती कधीकधी जास्त सांगून जाते. मुलाच्या नाकातून वारंवार रक्त येतं का, दात पडल्यावर बराच वेळ वाहत होतं का, कुणाला कारण नसताना निळे डाग पडतात का, तुम्हाला स्वतःला पाळीत फार रक्तस्राव होतो का, हे न लाजता सांगा. रक्त न गोठण्याचे काही आनुवंशिक आजार साध्या चाचण्यांत सापडत नाहीत, घरच्या इतिहासातच सापडतात. कुटुंबात सिकलसेल असेल तर तेही आधी सांगा. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण अशा मुलांची भुलीची तयारी वेगळी करावी लागते.

सात वर्षांचं मूल म्हणजे पुढचे दात हलत असणार. ऑपरेशनच्या वेळी तोंड उघडं ठेवणारी पट्टी वरच्या दातांवर टेकते. हलणारा दात सुटून श्वासनलिकेत जाऊ शकतो, म्हणून कोणता दात हलतो ते भूलतज्ज्ञांना बोटाने दाखवा. आधीच्या दोन आठवड्यांत ताप, कफ किंवा वाहतं नाक असेल तर लपवू नका. तारीख पुढे गेलेली परवडते. सर्दी असताना भूल दिली तर श्वासनलिका आवळण्याची भीती असते. अ‍ॅस्पिरिन आणि मुलाला चालू असलेली कुठलीही आयुर्वेदिक वा इतर औषधं डॉक्टरांच्या कानावर घाला.

उपाशी ठेवण्याचा नियम काटेकोर पाळा: भरीव अन्न आणि दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. ऑपरेशन सकाळी 8 वाजता असेल तर रात्रीच्या जेवणानंतर काही नाही आणि 6 नंतर पाणीही नाही. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळी वेळ दिली तर तीच धरा. गडबड इथेच होते. कुणीतरी कळवळून पहाटे अर्धा कप दूध किंवा एक बिस्कीट देतं. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून ऑपरेशन रद्द होतं. त्या सकाळी घरातल्या सगळ्यांना हे बजावून ठेवा.

थिएटरमध्ये काय होतं? पूर्ण भूल, तोंडातून श्वासाची नळी, खांद्याखाली उशी देऊन मान मागे. बाहेरून कुठेही काप नाही, सगळं तोंडातूनच. टॉन्सिल त्याच्या कप्प्यातून सोडवून काढतात, अ‍ॅडिनॉइड पडजिभेच्या मागून वर जाऊन काढतात. दोन्ही मिळून साधारण अर्धा ते पाऊण तास. काही सर्जन साध्या हत्यारांनी करतात, काही विजेच्या उपकरणाने, काही कोब्लेशनने, म्हणजे रेडिओलहरींच्या कांडीने कमी उष्णतेत. कोब्लेशनची कांडी महाग असल्याने बिल वाढतं. झोपेच्या त्रासासाठी काही ठिकाणी टॉन्सिलचं बाहेरचं आवरण ठेवून आतला भागच काढतात. त्यात दुखणं कमी होतं, पण उरलेला भाग थोडा वाढण्याची शक्यता राहते. कोणतीही पद्धत असो, ज्या पद्धतीत तुमच्या सर्जनचा हात बसला आहे ती चांगली. भुलीतच डेक्सामेथासोनचा एक डोस देतात, त्याने नंतरच्या उलट्या आणि दुखणं कमी होतं.

शुद्धीवर येताना मूल रडेल, हातपाय झाडेल, कदाचित तुम्हाला ओळखणारही नाही. हा भुलीचा परिणाम असतो, काही मिनिटांत ओसरतो. त्याला कुशीवर झोपवतील, म्हणजे लाळ-रक्त बाहेर येईल. पहिल्या दिवशी एक-दोनदा तपकिरी, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली तर ते गिळलेलं जुनं रक्त असतं. तुम्ही मात्र एका गोष्टीवर डोळा ठेवा: झोपेतसुद्धा तो पुन्हा पुन्हा आवंढा गिळतोय का? लहान मुलं रक्त थुंकत नाहीत, गिळतात. सतत गिळणं ही घशात रक्त झिरपत असल्याची खूण असू शकते. तसं दिसलं तर लगेच नर्सला बोलवा आणि टॉर्च लावून घसा बघायला सांगा.

घरी आल्यावरचा क्रम आधी माहीत असला की माणूस घाबरत नाही. पहिल्या दिवशी भुलीतल्या औषधांच्या जोरावर मूल बरं वाटतं, आईस्क्रीम मागतं. खरं दुखणं तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढतं आणि खपली सुटताना, सातव्या-आठव्या दिवसाच्या सुमारास, पुन्हा एकदा उसळतं. शेजारच्या वहिनींचे दोन दिवस संपतात तिथून तुमचे कठीण दिवस सुरू होतात. पूर्ण बरं व्हायला 10 ते 14 दिवस लागतात.

दुसऱ्या दिवशी टॉर्चने घसा पाहाल तर दोन्ही बाजूंना पांढरट-पिवळसर थर दिसेल. तो पू नाही. गुडघा खरचटल्यावर धरते तशीच ही खपली, तोंडातल्या ओलीमुळे पांढरी दिसते. ती चमच्याने किंवा कापसाने काढायला जाऊ नका. तोंडाला वास येईल, तोही तिचाच. कान दुखतोय म्हणून तो रडेल, पण कानात काही झालेलं नसतं. घशाची आणि कानाची संवेदना एकाच नसेतून जाते, म्हणून घशाचं दुखणं कानात जाणवतं, त्यासाठी कानात थेंब घालू नका. पडजीभ सुजलेली दिसेल. पहिले काही दिवस घोरणं उलट वाढेल, आवाज नाकातून आल्यासारखा वाटेल, पाणी पिताना एखादवेळी नाकातून येईल. पहिले दोन-तीन दिवस 101 पर्यंत ताप चालतो. 102 च्या वर गेला, किंवा आठवड्यानंतरही मान वाकडी आणि ताठ राहिली, तर दाखवा.

औषधांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळी काळजी इथेच फळाला येते किंवा वाया जाते. बहुतेक घरांत औषध "दुखलं की" देतात. तोवर मुलाने गिळणं बंद केलेलं असतं. गिळलं नाही की घसा कोरडा पडतो, कोरडा घसा जास्त दुखतो, मग ते औषधही घेत नाही आणि चौथ्या दिवशी सलाईन लावायची वेळ येते. म्हणून पहिले पाच-सहा दिवस औषध घड्याळावर द्यायचं, रडण्यावर नाही. रात्री उठवूनसुद्धा, निदान पहिल्या तीन रात्री. सकाळी घसा सर्वांत कोरडा असतो, तेव्हा रात्रीचा डोस चुकला की सकाळ हमखास वाईट जाते.

पॅरासिटामॉलचं प्रमाण दर किलोला 15 मिलिग्रॅम, दर सहा तासांनी. 20 किलोच्या मुलाला एका वेळी 300 मिलिग्रॅम. बाटलीवर 5 मिलीत 250 मिलिग्रॅम लिहिलं असेल तर 6 मिली, 125 मिलिग्रॅम असेल तर 12 मिली. बाटली न वाचता मिली मोजू नका, दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात. डॉक्टरांनी इब्युप्रोफेनही लिहिलं असेल तर ते दर किलोला 5 ते 10 मिलिग्रॅम, दर आठ तासांनी, थोडं दूध पोटात गेल्यावर. 5 मिलीत 100 मिलिग्रॅमच्या बाटलीतून तुमच्या मुलाला 5 ते 10 मिली. एक सोपं वेळापत्रक: पॅरासिटामॉल सकाळी 6, दुपारी 12, संध्याकाळी 6, रात्री 12, इब्युप्रोफेन सकाळी 8, दुपारी 4, रात्री 12. कागद फ्रिजवर चिकटवा आणि दिलेल्या डोसवर खूण करा, म्हणजे आजी आणि आई दोघींकडून डोस जाणार नाही. बाजारात या दोन्हींचं एकत्र सिरप मिळतं. ते चालू असेल तर वरून वेगळं पॅरासिटामॉल देऊ नका. काही सर्जन रक्तस्रावाच्या काळजीने इब्युप्रोफेन टाळतात, तुमच्या सर्जनने टाळलं असेल तर घरच्या घरी सुरू करू नका. मुलाला दमा असेल, किंवा तो पाणीच पीत नसेल, तर ते देण्याआधी विचारा. हे आकडे चिठ्ठी ताडून पाहण्यासाठी आहेत, शेवटचा शब्द चिठ्ठीचा.

काही औषधांना मात्र घरात असली तरी हात लावू नका. अ‍ॅस्पिरिनने रक्तस्राव वाढतो, शिवाय मुलांच्या यकृताला आणि मेंदूला धोका असतो. कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही अफूच्या जातीची वेदनाशामकं काही मुलांच्या शरीरात झपाट्याने तीव्र रूप घेतात आणि झोपेत श्वास मंदावतो. अशा घटनांनंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्ये टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मुलांना कोडीन न देण्याचा कडक इशारा दिला आणि 2017 मध्ये 12 वर्षांखालच्या मुलांसाठी दोन्ही वर्ज्य ठरवली. झोपेत श्वास अडणाऱ्या मुलाला तर ती नकोतच. खोकल्याच्या सिरपमध्ये कोडीन असू शकतं, म्हणून कपाटातलं जुनं सिरप देऊ नका. निमेसुलाइड 12 वर्षांखालच्या मुलांना देण्यावर भारतात 2011 पासून बंदी आहे, तेही नको. अँटिबायोटिकची गरज सरसकट नसते. लिहिलं असेल तर कशासाठी, ते विचारायला संकोच करू नका.

आता खाणं-पिणं. यात पिणं आधी. 20 किलोच्या मुलाला दिवसाला साधारण दीड लिटर पातळ पदार्थ लागतात. पहिल्या दिवसांत तेवढं जाणार नाही, पण लिटरभर तरी जावं. मेच्या उन्हात त्याहून कमी चालणार नाही. ग्लास पुढे केला तर तो मान फिरवेल. दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन चमचे, जागेपणी दिवसभर, असं द्या. पाणी, गार दूध, नारळपाणी, साखर-मिठाचं पाणी किंवा ओआरएस, पातळ वरणाचं पाणी चालेल. आठ तास लघवी झाली नाही, ओठ कोरडे पडले, रडताना पाणी येत नाही, तर वाट बघू नका, दवाखाना गाठा.

थंड दिल्याने सर्दी होत नाही, उलट घसा थोडा बधिर होतो. आईस्क्रीम, कुल्फी, गार साबुदाण्याची खीर, नाचणीचं सत्त्व द्या. लाल रंगाचं सरबत किंवा जेली मात्र नको. उलटी झाली तर ते रक्त की रंग, हे कळणार नाही. औषधानंतर अर्ध्या तासाने जेवायला बसवा: गुरगुट्या भात आणि साधं वरण, पेज, दुधात भिजवलेली इडली, कुस्करलेलं केळं, मऊ शिरा, तुपाचा मऊ भात, उकडलेला बटाटा. हळूहळू मऊ पोळीवर या, कारण चावल्याने जबड्याचे स्नायू सैल होतात आणि गिळणं सोपं जातं. गरम, तिखट, तांबडा-पांढरा रस्सा, लिंबू, चिंच, टोमॅटोचं सार, मोसंबी, आंबट ताक दोन आठवडे दूर. चकली, चिवडा, टोस्ट, भाकरीचा कडक पापुद्राही नको, कडा घशाला लागतात. हळदीचं दूध कोमट असेल तर चालेल. गुळण्या जोरात करू नका, नुसतं पाणी तोंडात फिरवून थुंकू द्या. दात घासणं थांबवायचं नाही.

रक्ताबद्दल पुन्हा. थुंकीत एखादी लालसर रेघ दिसली तर घाबरू नका, तास-दोन तास नीट लक्ष ठेवा. पण ताजं लाल रक्त चमचाभरही आलं, गुठळी पडली, लाल उलटी झाली किंवा सतत गिळणं सुरू झालं, तर निघायचं. आपोआप थांबलं तरी निघायचं. कधीकधी छोटा रक्तस्राव मोठ्याच्या आधी येतो. मुलाला बसवा, पुढे वाकवा, रक्त गिळू नको, थुंक, असं सांगा. बर्फाच्या गार पाण्याने चूळ भरायला लावा. उताणं झोपवू नका. खायला-प्यायला देऊ नका, पुन्हा भूल द्यावी लागू शकते. जवळच्या फॅमिली डॉक्टरकडे वेळ घालवू नका. ऑपरेशन झालं तिथे, किंवा ज्या मोठ्या रुग्णालयात रात्री कान-नाक-घसा तज्ज्ञ येऊ शकतात तिथे थेट जा. गाडी नसेल तर 108 लावा. घरी निघण्याआधीच डिस्चार्ज कार्डावर रात्री लागणारा नंबर लिहून घ्या आणि तो रात्री खरंच उचलला जातो का, ते विचारा.

एक व्यवहाराची गोष्ट. आरोग्य विमा नवा असेल तर पॉलिसी वाचा. आरोग्य संजीवनीसह अनेक पॉलिसींमध्ये टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइडच्या ऑपरेशनला 24 महिन्यांची प्रतीक्षा असते. हे दाखल होताना कळलं तर धावपळ होते.

शाळा, सायकल, पोहणं, मैदान, ओरडून खेळणं दोन आठवडे बंद. सुट्टी असल्याने शाळेचा प्रश्न नाही, पण मे महिन्यात सोसायटीतली पोरं दिवसभर खाली असतात. पत्ते, कॅरम, रंग असं काही बैठं आधीच आणून ठेवा. धूप, अगरबत्ती आणि मिरचीच्या फोडणीचा खाट त्याच्या खोलीत जाऊ देऊ नका, त्याने खोकला येतो आणि खोकल्याने खपलीला धक्का बसतो. दोन आठवड्यांनी सर्जन घसा बघतील. पुढे घसा कधीच दुखणार नाही असं नाही. सर्दी-तापात घशाचं अस्तर सुजेलच, पण टॉन्सिलचे ते मोठे तापाचे फेरे थांबावेत. घोरणंही सूज उतरल्यावर कमी होत जाईल. सहा-आठ आठवड्यांनी त्याच्या झोपेचा पुन्हा तसाच व्हिडिओ घ्या. श्वास अजून अडत असेल, तर दोन्ही व्हिडिओ घेऊन डॉक्टरांकडे जा आणि झोपेची तपासणी करायची का, ते विचारा.